भाऊंची पेठ, भाड्याचे कप्तान

माझा भाचा न्यू जर्सीत एडिसनला राहतो. एप्रिल संपत आला की एका गुरुवारी तिकडे रात्रीचे नऊ वाजलेले असतात, इकडे सदाशिव पेठेत शुक्रवारची साडेसहाची सकाळ असते, दूधवाला जिन्यात असतो आणि फोन वाजतो.

"मामा, ह्या वर्षी तरी क्वार्टरबॅक नीट निवडतील का?"

मी काय सांगणार? मला आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी नीट निवडता आलेला नाही.

भाचा जेट्सचा भक्त. न्यूयॉर्क जेट्स. नाव न्यूयॉर्कचं, मैदान न्यू जर्सीत आणि शेवटचं अजिंक्यपद १९६९ च्या जानेवारीत, म्हणजे माणूस चंद्रावर उतरला त्याच्याही सहा महिने आधी. नाव एका गावाचं आणि घर दुसऱ्या गावात, हे ऐकलं तेव्हा त्या संघाबद्दल मला पहिल्यांदा आपुलकी वाटली. का, ते पुढे येईलच.

क्वार्टरबॅक म्हणजे काय, हे त्यानं मला तीन उन्हाळे समजावलं. अमेरिकन फुटबॉलमध्ये पायाचं काम थोडं आणि चेंडू लंबगोल. दर खेपेला चेंडू आधी ह्या माणसाच्या हातात येतो. समोरून सव्वाशे-दीडशे किलोची माणसं त्याला आडवं करायला धावत येतात, त्याची पाच आडदांड माणसं त्यांना थोपवून धरतात आणि मध्ये जे दोन-तीन सेकंद मिळतात त्यात ह्यानं ठरवायचं: चेंडू लांब फेकायचा, शेजारच्याच्या पोटात खुपसायचा, की आपणच बगलेत मारून पळायचं. मंगल कार्यालयात पंगत बसलेली असताना आचारी कानाशी येऊन "जिलबी संपत आली" म्हणतो, तेव्हा मुलीच्या मामाला विचार करायला जेवढा वेळ मिळतो, साधारण तेवढाच. मला हे खातं लगेच समजलं. मी तीनदा मामा झालो आहे.

असा माणूस निवडायचा बाजार म्हणजे ड्राफ्ट. ३२ संघ, सात फेऱ्या, कॉलेजातून बाहेर पडलेली पोरं. गेल्या हंगामात जो संघ सगळ्यांत तळाला, त्याला पहिली निवड. हा नियम मी चहाच्या दुकानात सांगितला, तेव्हा एका निवृत्त गृहस्थांचा कप ओठाशीच थांबला.

"म्हणजे नापासाला पहिला नंबर?"

"हो. सगळे संघ बरोबरीत यावेत म्हणून."

"मग दहावीला जे गटांगळ्या खातात त्यांना एस. पी. कॉलेजात आधी प्रवेश द्या म्हणावं!"

ते ज्या पेठेत जन्मले, वाढले आणि भांडले, तिथे ज्ञानप्रबोधिनी प्रशालेत पाचवीला जायचं तर दहा वर्षांच्या पोराला बुद्धीची चाचणी द्यावी लागते. तळाच्याला आधी वाढायचं, ही कल्पना त्यांना श्राद्धाच्या कावळ्यापलीकडे माहीत नव्हती. मी त्यांना शांत करायला सांगितलं की अमेरिकेतही ह्या पोरांची चाचणी असे, १२ मिनिटांत ५० प्रश्न. २०२२ पासून ती बंद केली.

"का?"

"तिच्यात कमी गुण पडलेले उत्तम खेळायचे आणि भरपूर गुण पडलेले घरी बसायचे."

ह्यावर ते काही बोलले नाहीत. त्यांचा एक मुलगा बोर्डात आलेला होता.

हाताची मापं मात्र अजून काढतात. अंगठ्याच्या टोकापासून करंगळीच्या टोकापर्यंत पंजा पसरायचा आणि पट्टी लावायची. २०२२ मध्ये केनी पिकेट नावाच्या पोराचा पंजा साडेआठ इंच भरला, तर तिकडच्या वर्तमानपत्रांत त्या अर्ध्या-पाऊण इंचावरून रकानेच्या रकाने आले. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मुलीला "जरा चालून दाखव" म्हणणाऱ्या आत्याबाई आपल्याकडे आता फार उरल्या नाहीत. त्या तिकडे नोकरीला लागल्यात.

एवढं मोजूनमापून व्हायचं ते होतंच. २००० साली टॉम ब्रेडी १९९ वा निवडला गेला, त्याच्या आधी सहा क्वार्टरबॅक खपले होते. ब्रेडीनं पुढे सात वेळा सुपर बोल जिंकला. २०२२ मध्ये ब्रॉक पर्डी अगदी शेवटी, २६२ वा. शेवटच्या पोराला तिकडे थट्टेनं 'मिस्टर इररिलेव्हंट' म्हणतात, म्हणजे आपल्या भाषेत 'बिनकामाचे रावसाहेब'. दोन वर्षांत हे रावसाहेब सुपर बोलच्या मैदानावर होते आणि जादा वेळेत, तीन गुणांनी हरले. उलट जेट्सनं २०१८ मध्ये तिसऱ्या क्रमांकावर सॅम डार्नल्ड घेतला, तीन वर्षांत सोडला. २०२१ मध्ये दुसऱ्या क्रमांकावर झॅक विल्सन घेतला, तोही सोडला. मग कंटाळून २०२३ मध्ये पोरांचा नाद सोडला आणि ३९ वर्षांचा, नावाजलेला ॲरन रॉजर्स आणला. ११ सप्टेंबरला पहिल्याच सामन्यात चौथ्या खेपेला त्याच्या टाचेची शीर तुटली आणि हंगाम संपला. भाच्यानं त्या रात्री फोन केला नाही. आम्हीच केला. आणि तो सोडलेला डार्नल्ड? २०२४ मध्ये त्यानं मिनेसोटाला १४ सामने जिंकून दिले. मिनेसोटानंही त्याला जाऊ दिलं, सिॲटलला.

"मामा, तुम्हाला नाही कळायचं," भाचा म्हणाला. "तुमच्याकडे हा खेळच नाही."

इथे माझ्यातला पुणेकर जागा झाला.

"आमच्याकडे नाही? अरे, आम्ही विजेते आहोत!"

आणि आहोतच. २०११ मध्ये अमेरिकेतल्या मंडळींनी भारतात अमेरिकन फुटबॉल रुजवायचा घाट घातला. एलिट फुटबॉल लीग ऑफ इंडिया. माइक डिटका, रॉन जॉवोर्स्की असे तिकडचे जुने दिग्गज पाठीशी होते. जॉवोर्स्की तर स्वतः क्वार्टरबॅक. पुण्याच्या संघाचं नाव पुणे मराठाज. २०१२-१३ च्या पहिल्या हंगामात अंतिम सामन्यात पुण्यानं दिल्लीला ६-० हरवलं. दिल्लीवर चढाई, वैऱ्याला भोपळा आणि तख्त आपलं! एरवी अशा बातमीवर पेठेत पेढे वाटले गेले असते. सामने मात्र झाले कोलंबोत. पुण्यानं दिल्लीला लंकेत हरवलं आणि पेठेत कुणाला पत्ता नाही. त्यानंतर पुणे मराठाजचं नाव कुणी काढल्याचं मी तरी ऐकलं नाही. त्या विजेत्या संघाचा क्वार्टरबॅक कोण होता, असा प्रश्न आमच्या कट्ट्यावर टाकला, तर तिघांनी 'रस्त्यांच्या वाड्यातले का?' असं विचारलं.

तर आता ती आपुलकी. पुण्याचा संघ पुण्यात नसतो. हा नियम आहे आणि त्याला आजवर अपवाद थोडेच.

२०१० मध्ये सहारानं ३७ कोटी डॉलर मोजून आयपीएलमध्ये पुणे वॉरियर्स घेतला. मालक लखनौचे. २०११ चा पहिला हंगाम आला, तर आमचं 'घरचं मैदान' नवी मुंबईत, नेरूळला. पुणेकरानं घरचा सामना पाहायला खाडीच्या काठाशी जायचं. २०१२ मध्ये गहुंजेचं मैदान उभं राहिलं, त्याच्यावर सहाराश्रींचं नाव लागलं, मग पैशांवरून वाजलं आणि पुढच्या वर्षी नाव उतरलं. दारावरची पाटी बदलायला आमच्या वाड्यांत दोन पिढ्या लागतात. संघ नववा, नववा आणि आठवा आला. कप्तान आधी युवराज, मग गांगुली, मग २०१३ मध्ये एकाच हंगामात मॅथ्यूज, टेलर आणि फिंच. खोली एक आणि भाडेकरू तीन. ऑक्टोबरात क्रिकेट मंडळानं संघच रद्द केला.

फुटबॉलही (आपला, पायाचा) करून पाहिला. २०१४ मध्ये एफसी पुणे सिटी आली, हृतिक रोशन भागीदार. २०१९ मध्ये गाशा गुंडाळला आणि त्या जागी हैदराबादचा संघ आला. हे हैदराबाद लक्षात ठेवा.

ह्या सगळ्यात खराखुरा ड्राफ्ट म्हणावा असा प्रकार आमच्या वाट्याला एकदाच आला. २०१५ च्या डिसेंबरात. आयपीएलमधले चेन्नई आणि राजस्थान दोन वर्षांसाठी निलंबित झाले होते. त्यांच्या रिकाम्या खोल्यांत दोन नवे संघ ठेवायचे, दोनच वर्षं. लीव्ह अँड लायसन्स. लिलाव उलटा होता. मंडळ वर्षाला ४० कोटींपर्यंत द्यायला तयार, जो कमी मागेल त्याला संघ. कोलकात्याचे संजीव गोएंका मागणी उतरवत उतरवत शून्याखाली गेले आणि उणे १६ कोटींवर थांबले. म्हणजे मुलाखतीला आलेला उमेदवार पगार कमी करत करत शेवटी "मीच दरमहा देत जाईन" म्हणाला आणि नोकरी पटकावली. अशा हिशेबाला पेठेत आम्ही काय म्हणतो ते सदरात छापता येत नाही.

जास्त उणे गेल्यामुळे पहिली निवड पुण्याची. तळाच्याला पहिली निवड, हा नियम इथेही लागू पडला म्हणायचा. पुण्यानं उचललं कोणाला? महेंद्रसिंग धोनी, साडेबारा कोटी. मग रहाणे, अश्विन, स्मिथ, डु प्लेसिस. दुसऱ्या नव्या संघाच्या, राजकोटच्या वाट्याला रैना, जडेजा वगैरे. कट्ट्यावर त्या दिवशी चहाचे पैसे गृहस्थांनी दिले. ही नोंद मी त्या तारखेसह जपून ठेवली आहे, १५ डिसेंबर.

२०१६ चा हंगाम आला आणि त्याच्या पाठोपाठ दुष्काळ. मैदानाला पाणी घालायचं की माणसांना, ह्यावर उच्च न्यायालयानं कान पिळले आणि उरलेले 'घरचे' सामने विशाखापट्टणमला गेले. बघा, घर पुन्हा खाली करून दिलं. १४ पैकी पाच सामने जिंकून संघ आठांत सातवा.

मग मालकांनी विचार केला, आणि इथे मला हा मालकवर्ग मनापासून आवडतो. सातवे आलो, काय बदलावं? दोन गोष्टी बदलल्या. एक, संघाचं नाव सुपरजायंट्स होतं ते सुपरजायंट केलं. मागचा 'स' काढला. दुसरी, कप्तान काढला. २०१७ च्या फेब्रुवारीत, लिलावाच्या आदल्या दिवशी धोनीची कप्तानी गेली आणि स्टीव्ह स्मिथला दिली. दुसऱ्या दिवशी साडेचौदा कोटींना बेन स्टोक्स घेतला. हंगाम सुरू झाल्यावर मालकांच्या थोरल्या बंधूंनी स्मिथच्या एका खेळीनंतर जंगलाचा राजा कोण ते ट्विटरवर जाहीर केलं आणि मग ओरड झाल्यावर मिटवलं. भावकीनं कारभारात बोलायचं नसतं, हे ह्या शहराला १७७३ पासून ठाऊक आहे. कोलकात्याला कोणी कळवलं नसावं.

सहा वर्षांनी मुंबई इंडियन्सनं रोहित शर्माच्या जागी हार्दिक पंड्याला आणलं तेव्हा वानखेडेवर लोकांनी हुर्यो उडवली. पुण्यात धोनीला काढल्यावर कुणी हुर्यो उडवल्याचं ऐकिवात नाही. पुणेकर ओरडत नाही, समजावून सांगतो. आणि त्याला समजावून सांगण्याची पूर्वपीठिका आहे, म्हणून जरा पानिपताकडे वळतो. सदाशिव पेठेत राहून पानिपताचं नाव दहा मिनिटं टाळणं म्हणजे उपासाच्या दिवशी साबुदाणा टाळण्याएवढंच अवघड.

ज्यांच्या नावानं ही पेठ, ते सदाशिवरावभाऊ म्हणजे मराठ्यांच्या इतिहासातली सगळ्यांत चर्चिली गेलेली कप्तानाची निवड. उत्तरेचा अनुभव होता राघोबादादांना. लाहोरपर्यंत जाऊन आलेले, अटकेपार झेंड्यांचं श्रेय त्यांना. पण मोहिमेवरून येताना कर्ज घेऊन आले. भाऊ दौलतीचा जमाखर्च बघणारे, हिशेबाला कडक. त्यात १७६० च्या फेब्रुवारीत त्यांनी उदगीरला निजामाला नमवलेलं. म्हणजे ताजा फॉर्म. नानासाहेब पेशव्यांनी मार्चमध्ये उत्तरेच्या मोहिमेवर पाठवलं भाऊंना. जमाखर्च बघणारा व्यवस्थापक थेट मैदानात. नावाला पुढे सतरा-अठरा वर्षांचे विश्वासराव, घराण्यातली पहिली निवड. तोफखान्यावर निजामाकडून आपल्याकडे आलेला इब्राहिमखान गारदी. १४ जानेवारी १७६१ ला दुपारपर्यंत सगळं ठीक चाललं होतं, मग विश्वासरावांना गोळी लागली आणि भाऊ हत्तीवरून उतरून घोड्यावर बसले. हौदा रिकामा दिसला आणि फौजेचं धैर्य सुटलं, असं सांगतात. क्वार्टरबॅक आपल्या माणसांना दिसला पाहिजे, हे भाचा मला आता सांगतो.

तेव्हापासून निवड समितीची बैठक चालू आहे. मल्हाररावांचं ऐकायला हवं होतं. सुरजमल जाटाला दुखवायला नको होतं. बायकापोरं, यात्रेकरू मागे ठेवायला हवे होते. हत्तीवरून उतरायला नको होतं. ह्या चर्चेला कागदाचा भक्कम आधार आहे. राजवाड्यांनी १८९८ मध्ये इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड काढला तो पानिपतापर्यंतच्या पत्रांचा, आणि १९१० मध्ये त्यांच्या पुढाकारानं भारत इतिहास संशोधक मंडळ निघालं, ज्याची वास्तू आज ह्याच पेठेत आहे. अमेरिकेत रविवारचा सामना हरल्यावर सोमवारी ऑफिसात "मी असतो तर तिकडे फेकला असता" म्हणणाऱ्याला 'सोमवार सकाळचा क्वार्टरबॅक' म्हणतात, भाच्यानं सांगितलं. आपण त्याला वरातीमागून घोडं म्हणतो. फरक एवढाच की त्यांचा सोमवार मंगळवारी संपतो. आमचा अडीचशे वर्षं चाललाय, आणि घोड्याची पागा पेठेतच आहे.

म्हणून धोनीचं प्रकरण आम्हाला नवं नव्हतं. अनुभवी माणूस बाजूला, दुसरा मोहिमेवर. आणि काय सांगू, ही मोहीम चांगली चालली! स्मिथच्या हाताखाली संघ गटात दुसरा आला. मुंबईला साखळीत दोनदा हरवलं, बाद फेरीत वानखेडेवर तिसऱ्यांदा हरवलं आणि त्या सामन्यात पाच षटकार कुणी मारले? काढलेल्या कप्तानानं. मग २१ मे २०१७, अंतिम सामना. कुठे? हैदराबादला. मुंबई १२९. शेवटच्या षटकात आम्हाला ११ हव्यात, पहिल्या चेंडूवर चौकार, दुसऱ्यावर तिवारी गेला, तिसऱ्यावर ५१ वरचा स्मिथ गेला. एका धावेनं हरलो. साडेचौदा कोटींचा स्टोक्स तोवर इंग्लंडकडून खेळायला घरी गेलेला. ऐन संक्रांतीला पाहुणा नाही आणि पानिपत तेवढं घरी.

पण मला त्या हंगामातलं सांगायचंय ते वेगळंच. त्या संघात महाराष्ट्राकडून खेळणारा राहुल त्रिपाठी होता. लिलावात मूळ किमतीला घेतलेला, १० लाख. एका स्टोक्सच्या पैशात असे १४५ राहुल त्रिपाठी आले असते, हिशेब मी कागदावर केला आहे. त्यानं ३९१ धावा केल्या, कोलकात्याविरुद्ध एकट्यानं ९३. बिनकामाचे रावसाहेब! गोलंदाजीत ३० लाखांचा उनाडकट २४ बळी घेऊन गेला. मालकांनी लक्ष घातलं नाही ती खरेदी फळाला आली, आणि घातलं ती मायदेशी गेली.

मग दोन वर्षांचा करार संपला. चेन्नई परत आली, धोनी आपल्या घरी गेला, पुण्याची खोली रिकामी. २०१८ च्या डिसेंबरात लिलावात पुण्याचाच एक पोरगा उभा होता. त्याला घ्यायला पुण्याचा संघच नव्हता. चेन्नईनं मूळ किमतीला, २० लाखांना घेतला. २०२१ मध्ये त्यानं स्पर्धेत सगळ्यांत जास्त, ६३५ धावा केल्या. २०२४ च्या मार्चमध्ये धोनीनं आपली कप्तानी त्याच्या हातात दिली. ऋतुराज गायकवाड. पुण्यात ज्या माणसाची कप्तानी काढून घेतली, त्यानं चेन्नईत ती पुण्याच्या पोराला दिली. गृहस्थ ह्यावर म्हणाले, "ह्याला म्हणतात घर." मग स्वतःशीच पुटपुटले, "सांगवीचा आहे म्हणे. म्हणजे तसा पुण्याचा नाही." पिंपरी-चिंचवड महापालिका वेगळी आहे, हे ते पोर शतकाच्या जवळ आलं तरी विसरत नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, मालक बाहेरचे, क्रिकेट बड्यांचं, आपला मातीतला खेळ बघा. बघितला. पुणेरी पलटण. कबड्डी. मालक मुंबईचे, पण निदान नाव तरी तोंडात बसतं. २०१४ आणि २०१५, पहिल्या दोन्ही हंगामांत आठांत आठवे. हळूहळू चढत २०२२ मध्ये अंतिम सामन्यात जयपूरकडून हरले. २०२३ च्या लिलावात पलटणीनं इराणचा बचावपटू मोहम्मदरझा शादलूई दोन कोटी ३५ लाखांना घेतला. थैली पाच कोटींची, त्यातली जवळजवळ निम्मी एका माणसावर. आमच्यातले अर्धे म्हणाले, वेडे झालेत. बाकीचं काम नगरच्या अस्लम इनामदारनं केलं, कप्तान म्हणून. १ मार्च २०२४ ला हरयाणाला २८-२५ हरवून पलटण अजिंक्य. गाव? हैदराबाद.

जिंकलो, आता काय करायचं? जिंकलेला संघ तसाच ठेवला तर लोक म्हणतील, मालक काही करतच नाहीत. त्यामुळे ऑगस्टमध्ये शादलूईला लिलावात जाऊ दिलं. हिशेब चुकीचा नव्हता, तरणी पोरं राखायची तर थैलीत जागा हवी. भाऊही हिशेबाला पक्के होते. हरयाणानं, आम्ही मार्चमध्ये ज्यांना हरवलं त्याच हरयाणानं, त्याला दोन कोटी सात लाखांना उचललं. पलटण त्या हंगामात बाद फेरीतही गेली नाही. अंतिम सामना २९ डिसेंबरला, हरयाणा आणि पाटणा, ३२-२३. हरयाणा अजिंक्य. शादलूईनं करंडक उचलला.

कुठे उचलला विचारा.

बालेवाडीला. पुण्यात. आयुष्यात पहिल्यांदा अंतिम सामना पुण्याला आला, त्यात पुणे नव्हतं आणि पुण्यानं सोडलेला माणूस करंडक घेऊन उभा होता. आमच्याच घरी पंगत, आम्ही हात धुवून बसलेलो आणि आमचाच काढलेला वाढपी पाहुण्यांना वाढतोय. पुढच्या हंगामात, २०२५ च्या ऑक्टोबरात, पलटण पुन्हा अंतिम सामन्यात गेली. दिल्लीविरुद्ध, दिल्लीत. तीन गुणांनी हरली. त्या शहराच्या दिशेला आमचं काही तरी आहे.

हे सगळं मी भाच्याला फोनवर सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, जेट्स परवडले." तिकडे त्या क्षणी बहुधा निवड जाहीर होत होती, मागे टीव्हीवर कुणी तरी जोरात ओरडलं, आणि भाच्यानं एक इंग्रजी शब्द उच्चारला. त्याची आई पलीकडून "मामाशी असं बोलतात?" म्हणाली.

दुसऱ्या दिवशी मी चहाच्या दुकानात एक मुद्दा मांडला. अटकेपार ज्यांचं नाव गेलं त्या राघोबांच्या नावाची पुण्यात पेठ नाही. पानिपतावर पडलेल्या भाऊंच्या नावाची आहे. शेजारची नारायण पेठ शनिवारवाड्यात मारल्या गेलेल्या नारायणरावांच्या नावाची. पुणं जिंकणाऱ्याला विसरतं, पण हकनाक गेलेल्या माणसाला पत्ता देतं. मग एका धावेनं गेलेल्या स्मिथचं काय? गहुंजेच्या बाजूला द्रुतगती महामार्गालगत माळ आहे, तिथे एक स्मिथ पेठ वसवायला हरकत कुणाची? शादलूई आळी बालेवाडीत.

गृहस्थांनी बशीतला चहा संपवला. कल्पना त्यांना पसंत पडली असावी, कारण त्यांनी लगेच नाही म्हटलं नाही. मग चष्मा काढून पुसला.

"ते ठीक आहे हो," ते म्हणाले. "पण जागा कुणाची आहे?"